जाऊन ये

रविवार, १४ सप्टेंबर

आलो एकदाचे! बेसिंगस्टोकपासून वेल्सच्या या टोकापर्यंत येताना बाबांनी दर सर्व्हिस स्टेशनवर चहा घेतला आणि दर चहाला नव्या शिव्या घातल्या. म्हणजे तब्येत उत्तम आहे.

घर पोर्थगॅरन गावाबाहेर, कड्यावर. समोर समुद्र, मागे शेजारच्या मेगनबाईंच्या मेंढ्या आणि मध्ये आम्ही दोघं. दार उघडलं तर बाबांनी मला उंबऱ्याबाहेरच अडवलं. आईच्या पद्धतीप्रमाणे भाकरतुकडा ओवाळल्याशिवाय आत पाऊल नाही. आता भाकरी कुठून आणायची? शेवटी सँडविचची उरलेली कड माझ्यावरून ओवाळून टाकली, पायावर बाटलीतलं पाणी घातलं. आई म्हणायची, वाटेत ज्याने आधी तुकडा ओवाळला, येणारा त्याचा झाला, मग तो दुसऱ्या दारात जात नाही. बाबांना आईची सगळी वाक्यं पाठ आहेत. ती असताना एकही ऐकत नसत.

गॅरेज घराएवढं मोठं आहे. इथे ऑपरेशन थिएटर निघेल, असा बाबांचा शेरा. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात त्यांनी आयुष्यभर मोडकी हाडं बसवली, त्यामुळे ते प्रत्येक मोकळ्या टेबलाकडे पेशंटच्या आशेने बघतात.

कामाचं लिहायचं तर, आमची कंपनी नेव्हीसाठी टार्गेटं बनवते. ध्वनीपेक्षा वेगाने अंगावर येणारं क्षेपणास्त्र पाडायला शिकायचं असेल, तर तसंच काहीतरी खरोखर अंगावर यायला हवं. पूर्वीची टार्गेटं इतकी महाग की जहाजांच्या वाट्याला वर्षाकाठी एखादं यायचं. आमचं स्वस्त आहे. पोटात स्फोटक नाही, अंगाला भडक नारिंगी रंग, जन्म फक्त पडण्यासाठी. ते स्वस्त पडतं ते माझ्या सॉफ्टवेअरमुळे. प्रत्येक टार्गेट पडेपर्यंत जे शिकतं ते रेडिओवरून आम्हाला कळवतं आणि मी ते पुढच्यात घालते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. ही म्हण मी कंपनीच्या मुलाखतीत इंग्रजीत समजावून सांगितली होती आणि तेवढ्यावर नोकरी मिळाली होती!

टार्गेटं समुद्रावर सोडतात त्या इथल्या रेंजचा प्रमुख कबीर. हाउन्सलोत वाढलेला, मराठी आजीकडून उचललेलं, त्यामुळे लिंग-वचनाचा आनंदीआनंद. फोनवर त्याने रेंजचा पहिला नियम सांगितला. टार्गेट आपल्या आवाजाच्या पुढे पळतं. धडाम ऐकू आलं तर घाबरायचं नाही, ते तुम्हाला ओलांडून गेलेलं असतं. ज्याच्यावर ते येतं त्याला काहीच ऐकू येत नाही. 'आवाज आला, तर तू वाचली,' म्हणाला आणि खळखळून हसला.

उद्या रुजू. बाबा दाराशी 'जाऊन ये' म्हणतील, मी 'येते' म्हणेन. घराबाहेर पडताना 'जाते' म्हणायचं नाही हे कुठल्या मराठी घरात शिकवत नाहीत? पण आमच्याकडे ते औषधासारखं पाळतात. आई त्या सकाळी बसच्या घाईत 'मी जाते हो' म्हणाली आणि बसमध्येच तिचं हृदय थांबलं. तेव्हापासून डॉक्टर चंद्रशेखर सगळं मेडिकल सायन्स गुंडाळून रोज दाराशी उभे राहतात.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी

आज पहिला लाँच. माझ्याआधी इथली दोन टार्गेटं उडताक्षणीच समुद्रात बुडाली होती, त्यामुळे सगळ्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी.

खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजतात. मग आमच्या नारिंगी बाळाने काय घोडं मारलंय? मी डबीतून हळदकुंकू नेलं होतं. इंधनाजवळ ज्योत चालत नाही, म्हणून बॅटरीवरचं निरांजन. कबीरने आधी हेल्थ अँड सेफ्टीचा चेहरा केला, मग म्हणाला, 'माझा आजी पण असंच करायची, चालेल.' मी टार्गेटच्या नाकावर हळदकुंकू लावलं, ओवाळलं, पाठ थोपटली आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, जाऊन ये.

काय उडालं! पाण्याला पोट घासत गेल्यासारखं. दूरवरच्या जहाजाने ते नेमकं टिपलं, तुकडे तुकडे केले. नेव्हीवाले खूश, आम्ही खूश. टेक्निशियन मंडळींनी जाहीर केलं की यापुढे वरदाने 'ते' म्हटल्याशिवाय बटण दाबायचं नाही. संध्याकाळी पबमध्ये सगळी वेल्श मंडळी 'जाऊन ये, जाऊन ये' घोकत होती. मला हसून हसून ठसका लागला.

सोमवार, ६ ऑक्टोबर

बाबांना सकाळी फिरताना खालच्या वाळूत टार्गेटच्या नाकाचा तुकडा मिळाला. भरतीने आणला असेल. मात्र जहाज इथून इतकं लांब होतं की कबीरला खरं वाटेना. प्रवाह कुठून कुठे नेतात काही नेम नाही, म्हणाला.

एवढंच आहे की त्यावरचं कुंकू जसंच्या तसं आहे. माझ्या बोटाचा ठसासुद्धा. इतके दिवस मिठाच्या पाण्यात राहून.

बाबांनी तो नीट कोरडा करून गॅरेजमधल्या टेबलावर ठेवला. मी गंमत म्हणून विचारलं, पेशंट ॲडमिट केलात का? हो म्हणाले, मल्टिपल फ्रॅक्चर आहे.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

या पंधरवड्यात आणखी तीन लाँच, तिन्ही यशस्वी. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकाला जाऊन ये. आता तर नेव्हीवालेही रेडिओवर विचारतात, म्हटलं का?

पण तुकडे येतच आहेत. दुसऱ्याचे कड्याच्या वर सापडले. कड्यावर लाट चढत नाही. तिसऱ्याचे आमच्या कुंपणाच्या भिंतीपाशी, कालच्याचे अंगणात. दर वेळी आधी एक धडाम होतं, दिवसाढवळ्या, आकाश स्वच्छ असताना. कपाटातल्या बशा हलतात. बाहेर जाऊन बघावं तर गवतात नारिंगी तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याचं टोक घराकडे. मी आज ते मुद्दाम पायाने फिरवले. आत जाऊन चहा टाकला, परत येऊन पाहिलं, पुन्हा घराकडे.

आमच्या धंद्यात मिस डिस्टन्स मोजतात. मारा किती अंतराने चुकला ते. वाळू, कडा, भिंत, अंगण. हे कोणीतरी सुधारतंय.

बाबा गॅरेजमधून हलत नाहीत. चौघांचे तुकडे मिळून एक अख्खं टार्गेट जोडत आणलंय, तारा आणि पट्ट्या लावून. आई गेल्यापासून पहिल्यांदा ते काम करताना गुणगुणत होते. मला त्यांना थांबवायला हवं होतं.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

कबीरने आज दार लावून घेऊन मला पडदा दाखवला. पडलेल्या टार्गेटांचे सिग्नल येताहेत. वेग, उंची, दिशा, सगळं व्यवस्थित. चार रेषा, समुद्रावर मोठ्या घिरट्या घालून किनाऱ्याकडे वळणाऱ्या. मी म्हटलं, जुनं रेकॉर्डिंग असेल. त्याने तारीख आणि वेळ दाखवली. मग मी मुद्दाम खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले.

रेषा वळल्या.

मी त्याला सगळं सांगितलं. जाऊन ये म्हणजे नुसतं गुडबाय नाही. ती ताकीद आहे. परत यायचंच, ज्याने सांगितलं त्याच्याकडे. आपण ती अशा वस्तूला दिली जिला परत यायची मुभाच नव्हती. कबीर हसला नाही. त्याची आजीही म्हणायची, म्हणाला, की उगाच कोणाला बोलावू नये.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

बेसिंगस्टोकला, कंपनीच्या मुख्य ऑफिसात जाऊन आले. साहेबांपुढे हात जोडले की लाँच थांबवा. ते गोड हसले, मला विश्रांतीची गरज आहे म्हणाले, नोव्हेंबरचं वेळापत्रक बदलणार नाही म्हणाले.

बोलत असतानाच धडाम झालं. बिझनेस पार्कच्या सगळ्या काचा थरथरल्या. सगळे म्हणाले, विमान असेल. बाहेर पायरीवर बोटाएवढा नारिंगी तुकडा होता, टोक माझ्या बुटांकडे.

म्हणजे घर सोडून उपयोग नाही. ते घराकडे येतच नव्हतं. ते माणसाकडे येतं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज लाँच होता. मी तोंडातून शब्द काढला नाही. ओठ घट्ट मिटून उभी राहिले. मंडळी नाराज झाली, कोणीतरी टाळ्या वाजवून ओरडायला लागलं, वरदा, वरदा. जहाज वाट बघत होतं. शेवटी कबीरने मला डोळ्यांनी खुणावलं, पुढे झाला, टार्गेटच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, 'जाऊन ये.' स्वच्छ म्हणाला. एकही चूक नाही.

मी ओरडले त्याच्यावर. तो म्हणाला, चार तुझ्यावर, एक माझ्यावर, वाटून घेऊ.

अरे वेड्या, हे वाटून घ्यायचं असतं का? आणि या नव्याच्या डोक्यात आधीच्या चौघांचं सगळं शिकलेलं आहे. मीच घातलंय. तेच तर माझं काम.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

कबीर गेला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत. रेंजच्या मागच्या शेतात त्याची कॅरॅव्हॅन होती. पत्र्याचा डबा पायाखाली यावा तशी झालीय. आम्ही कँटीनमध्ये होतो, आम्हाला आवाज आला, सगळ्यांना आला. त्याला आला नसणार. हातातला चहाचा मग तसाच धरलेला होता म्हणतात.

गॅसचा स्फोट, असं पोलीस म्हणाले. मी म्हटलं, सिलिंडर तर शाबूत आहे, ते बघा, तिथे उभा आहे. त्यांनी मला खुर्चीत बसवलं.

दारातल्या मातीवर हळदीची बोटं उमटली होती. माझी नव्हेत. मी तर या वेळी हळद लावलीच नव्हती. देवा, त्याने लावली होती का? माझ्या डबीतून?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

लाँच बंद झाले. आता बंद करून काय उपयोग?

सकाळी छपराची कौलं गेली. धडाम, कालच्यापेक्षा खाली. मेगनबाईंच्या दोन मेंढ्या कुंपणाशी मरून पडल्यात, अंगावर जखम नाही. बाई दारात येऊन रडत म्हणाल्या की तुम्ही हे काय आणलंत इथे.

बाबांना म्हटलं, नॉटिंगहॅमला सीमामावशीकडे जा. माझ्यापासून लांब जा. ते येतंय ते माझ्याकडे येतंय, तुम्ही तरी वाचाल. बाबा नाही म्हणाले. गॅरेजची किल्ली खिशात घालून शांतपणे नाही म्हणाले.

मला बाबा वाचायला हवेत. बाकी काही नको. एवढं एकच.

शनिवार, ८ नोव्हेंबर

गॅरेज उघडं आहे. टेबल रिकामं.

जमिनीवर पाट, हळदकुंकवाची वाटी, विझलेलं निरांजन. खरं निरांजन, तुपाचं. बाबा खुर्चीत बसले होते, प्रसन्न, ऑपरेशन नीट झाल्यावर बसायचे तसे.

पाचव्याचे तुकडे काल संध्याकाळी मिळाले, म्हणाले. कॅरॅव्हॅनच्या मागच्या शेतात. तेवढीच जागा रिकामी होती, नाकामागची, मेंदूची. ते बसवलं आणि पेशंट उठला.

विचारलं, तुम्ही त्याला काय म्हणालात?

मला माहीत होतं. तरी विचारलं.

—

पाय धरले. पाय धरून रडले. गाडीत ओढायचा प्रयत्न केला. पण गाडीत घालून नेणार कुठे? ते माणसाकडे येतं. बाबांनी माझे केस सारखे केले. म्हणाले, कोणाला जाऊन ये म्हणायचं आणि तो यायच्या वेळी घरी नसायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. म्हणाले, अलका त्या दिवशी परत आली असती तर तिला घर उघडं मिळालं असतं.

बाबा, ते आईसारखं नाही, ते

रविवार, ९ नोव्हेंबर

सुचलं. भाकरतुकडा.

वाटेत ज्याने आधी ओवाळला, येणारा त्याचा. आईचं वाक्य. ते समुद्रावरून येणार, सरळ रेषेत, बाबांकडे. मध्ये कड्याचं टोक आहे. तिथे आधी मी.

भाकरी करायला वेळ नाही. ब्रेडची कड घेतली. तांब्याभर पाणी.

बाबा दाराशी आले. रोजच्यासारखे. जाऊन ये, म्हणाले.

मी 'येते' म्हटलं नाही.

येते म्हटलं असतं तर आले असते. तुकड्यातुकड्याने. वाळूत, भिंतीपाशी, पायरीवर. आणि बाबा गॅरेजमध्ये मला जोडत बसले असते. ते जोडतात छान.

जाते, म्हटलं. बाबा, मी जाते.

त्यांचा चेहरा — नाही लिहवत.

—

टोकावर आहे. मागे वळून बघत नाही. बाबा हाका मारताहेत. वरदा, येते म्हण. वरदा, नुसतं म्हण.

वारा पडला. मेंढ्या गप्प.

आवाज आला तर मी वाचले. आवाज आला तर ते मला ओलांडून गेलं, बाबांकडे — आवाज नको. देवा, आवाज नको, काही झालं तरी आवाज —

पक्षी उठले. सगळे एकदम.

पाण्यावर रेघ. पांढरी. सरळ.

तुकडा ओवाळते. एका हाताने लिहिते — ये. दमलास ना. इथे, इथेच ये, पुढे कोणी नाही, माझा आहेस तू, मीच पहिल्यांदा — ये रे —

नारिंगी. कुंकू दिसतंय. माझं बोट —

अजून काहीच ऐकू